न ओळखलेली खिरापत

“मेहर, हा तुमचाच विषय आहे. तू बोलायलाच हवंस,” पेठकरकाकू म्हणाल्या आणि आमच्या सोफ्याच्या अगदी कडेला टेकल्या. एसटीत शेजारचा माणूस घोरत असला की आपण बसतो तशा.

‘तुमचाच’ हा शब्द मी गिळला. काकूंच्या हातात एक जाडजूड कादंबरी होती. तिचं नाव सांगत नाही, बिचारीचा यात काही दोष नाही. एका गावातली दोन शेजारची घरं, एक हिंदू, एक मुसलमान, दोघांची मैत्री, मग दंगल, मग पश्चात्ताप. चारशे पानं. तिला नुकतंच कसलंसं पारितोषिक मिळालं होतं आणि कऱ्हाडात काकूंच्या वाचक मंडळात तिच्यावर चर्चा ठरली होती. मंडळाची रीत अशी, की एकानं आवडलेलं पान वाचायचं आणि मग अध्यक्षांनी त्यावर बोलायचं. अध्यक्ष कायमच्या काकू.

“तुझं मराठी तर इतकं शुद्ध आहे! डोळे मिटून ऐकलं तर कळायचंसुद्धा नाही,” काकू म्हणाल्या.

“काय कळायचं नाही?”

“अगं, म्हणजे... किती छान बोलतेस ते.”

मी तेव्हा मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि माझी पंचेचाळिशी उलटली होती. मराठी चांगलं बोलते याबद्दल माझं कौतुक होणं म्हणजे माशाला पोहता येतं म्हणून पाठ थोपटण्यासारखं होतं. 

आतून अम्मा आली, हातात चहाचा ट्रे. काकू लगबगीनं उठल्या.

“सकीनाबी, कशाला त्रास घेतला? आज चतुर्थी ना माझी.”

चतुर्थीला चहा चालतो. हे आमच्या अत्तर-कुंकू-बांगड्यांच्या दुकानात वाढलेल्या मलाही माहीत होतं. अम्मा हसली, म्हणाली, “बरं वैनी, पुन्यांदा कवातरी,” आणि ट्रे आत घेऊन गेली.

तो ट्रे परत जाताना बघितला आणि मी ठरवलं. इतकी वर्षं मंडळाच्या कार्यक्रमांना नाही म्हणत आले होते. या वेळी म्हटलं, “येते काकू. एक पान वाचते. पण कुठलं ते आधी सांगणार नाही.”

“अगदी चालेल! सगळीच पानं सुंदर आहेत,” काकू म्हणाल्या.

त्यांनी ती वाचलेली नाही, हे त्याच क्षणी मला कळलं. तसं मंडळात सगळ्यांनाच ठाऊक होतं. काकू मलपृष्ठ वाचायच्या, पहिलं पान वाचायच्या, शेवटचं वाचायच्या आणि मधलं डोळ्यांत पाणी आणून भरून काढायच्या. मागच्या एका चर्चेत त्यांनी पहिल्याच प्रकरणात मेलेल्या आजोबांना शेवटपर्यंत नातवाची काळजी करायला लावली होती. कुणी काही बोललं नाही. गावात मोठ्या माणसाची चूक ही चूक नसते, वयाचा मान असतो.

मला सूड घ्यायचा होता. दुसरा कुठलाही गोड शब्द मला त्यासाठी सापडत नाही आणि शोधायचाही नाही. मी नऊ वर्षांची असताना काकूंच्या परसात एक गोष्ट घडली होती. ती काकूंनी चारचौघांत, स्वतःच्या तोंडानं, वाईट म्हणावी एवढंच मला हवं होतं. आणि अम्माला त्यातलं काही कळू नये, हेही हवं होतं. कारण त्या दिवसाची एक वेगळीच गोष्ट अम्माकडे होती आणि ती मीच तिला दिली होती.

अम्माची गोष्ट अशी. नवरात्रात पेठकरांच्या अंगणात हादगा असायचा. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती मुलींनी फेर धरायचा, गाणी म्हणायची. गाणी संपली की खिरापत. रोज एकीच्या घरून झाकलेला डबा यायचा आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. डबा हलवून बघायचा, गोड की तिखट विचारायचं, ओली की कोरडी विचारायचं, पण ओळखल्याशिवाय किंवा हरल्याशिवाय झाकण काढायचं नाही. मी पेठकरांच्या सुलूच्या वर्गात होते, तिच्या हाताला धरून फेरात जायचे. एके दिवशी मी घरी येऊन सांगितलं, उद्या खिरापत आपली.

अम्मानं त्यासाठी नवा पितळी डबा आणला. घरातल्या कुठल्याच भांड्याला नाव ठेवायला जागा नको म्हणून. पहाटे न्हाऊन, नव्या पातेल्यात तिनं पदार्थ केला. संध्याकाळी मी परत आले तेव्हा ती दारातच उभी होती. “वळखली का कुनी?”

“कुणालाच नाही ओळखता आली, अम्मा. सगळ्या हरल्या.”

त्यानंतर कित्येक वर्षं पाहुणे आले की अम्मा सांगायची, “पेठकरांच्या हादग्यात माझी खिरापत कुनाला वळखली न्हाई.” डबा मात्र तिनं पुन्हा वापरला नाही. वरच्या फळीवर ठेवला. सणासुदीला चिंचेनं घासायची आणि परत ठेवून द्यायची. मला वाटायचं, बक्षीस म्हणून जपतेय.

कार्यक्रमाच्या दिवशी मी अम्माला सांगितलं, शाळेची मीटिंग आहे. ती चुलीपाशी काहीतरी करत होती, मागे न वळता “जा” म्हणाली.

मंडळाचं सभागृह म्हणजे एका मंगल कार्यालयाचं जेवणघर. तीसेक माणसं होती. पुढच्या रांगेत निकम सर, बँकेतून निवृत्त झालेले, मांडीवर पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली कादंबरी. पूर्ण वाचून येणारा मंडळातला तो एकटाच माणूस, म्हणून त्याला कुणी बोलू देत नसे. काकूंनी प्रास्ताविक केलं. “आपण वाचक म्हणून किती बदलतो हे महत्त्वाचं! ही कादंबरी वाचल्यावर मी माझ्या मनाचा एकेक कोपरा झाडून काढला,” असं त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मग माझं नाव घेतलं.

मी उभी राहिले, पुस्तक उघडलं. आत माझ्या अक्षरातला एक कागद होता. वाचायला तोंड उघडलं आणि मागच्या दारातून अम्मा आत आली. फिकट हिरवी साडी, डोक्यावर पदर, हातात तो पितळी डबा.

शेजारच्या नलूनं तिला सांगितलं असणार.  कागद बाजूला सारून मी पुस्तकातलंच कुठलंही पान वाचू शकले असते. पण समोर काकू बसल्या होत्या, मान तिरकी करून, रुमाल आधीच हातात घेऊन. तो रुमाल बघून माझं डोकं फिरलं. म्हटलं, अम्माला एका कानानं कमीच ऐकू येतं. नावं मी बदललीत. पदार्थाचे लाडू केलेत. तिला कळणार नाही.

मी वाचलं.

“‘गाणी संपली. जुबेदानं डबा पुढे केला. मुली ओरडल्या, गोड की तिखट? तेवढ्यात मोठ्या घरची बाई ओट्यावरून उतरली. म्हणाली, आज उशीर झालाय गं, खिरापत उद्या ओळखू. मुली पांगल्या. बाईनं जुबेदाच्या हातातला डबा घेतला, नुसत्या हातानं नाही, फडक्यानं धरून. जुबेदा वाट बघत उभी राहिली. मग तिला वाटलं, आत सगळ्यांना वाढत असतील, म्हणून ती बोळातून मागे गेली. परसात म्हैस होती. बाई आईचे लाडू म्हशीच्या घमेल्यात ओतत होती. म्हशीनं तोंड लावलं. बाईनं डबा राखेनं घासला, दोनदा पाणी ओतलं आणि अंगणात येऊन जुबेदाच्या हातात दिला. म्हणाली, आईला सांग हं, फार छान झाले होते.’”

 मी कागदावरून मान वर केली. काकूंच्या डोळ्यांना रुमाल होता.

“काय वाचलंस गं, मेहर!” त्या उठून उभ्या राहिल्या. “मंडळी, मी सांगते, या पानाशी मी पुस्तक मिटलं. पुढे वाचवेना! ती पोर, तो डबा... आणि ती बाई! वर तोंड करून म्हणते, छान झाले होते! अन्न हे पूर्णब्रह्म म्हणायचं आणि लेकराच्या आईनं केलेलं म्हशीपुढे टाकायचं. असल्या बायांना माणूस म्हणवत नाही मला. अशीला चारचौघांत उभं करून जाब विचारायला हवा!”

पुन्हा टाळ्या. पहिल्यांदा पडल्या होत्या त्याहून जास्त. एवढं चोख काम होईल असं मलाही वाटलं नव्हतं. तोंडात गूळ ठेवल्यासारखं झालं.

“मॅडम,” निकम सर पानं उलटत होते, “हे कितव्या पानावर आलंय?”

“तुमच्या प्रतीत नसेल, सर.”

“आवृत्ती वेगळी आहे का?”

“हो. आमच्या घरची आवृत्ती आहे. हे पान कादंबरीत नाही.”

मागे कुणीतरी खुसकन हसलं. मग दुसरं. निकम सरांनी पेन्सिल खिशाला लावली आणि काकूंकडे बघितलं, बऱ्याच वर्षांचं काहीतरी वसूल झाल्यासारखं. काकूंचा रुमाल हातातच राहिला.

आता आठवेल, मला वाटलं. म्हैस, फडकं, राख. आता त्यांचा चेहरा पडेल.

काकू क्षणभर गोंधळल्या आणि मग हसल्या. “म्हणजे तू लिहिलंयस? अगं लबाडे! फसवलंस की आम्हाला! पण काय लिहितेस! तुझ्या समाजातल्या मुलींनी असं लिहायलाच हवं.”

त्यांना काहीच आठवत नव्हतं. नाटक नव्हतं ते. मी चेहऱ्याकडे नीट बघत होते, तिथे नुसतं कौतुक होतं. जी गोष्ट मी इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपले, ती त्यांच्या दृष्टीनं तेव्हाही काही नव्हती. शिळं टाकावं तसं टाकलं आणि भाकऱ्या थापायला गेल्या.  ‘ती बाई तुम्ही’ एवढेच तीन शब्द म्हणायचे होते, पण मी कागदाची घडी घातली. म्हटलं असतं तरी त्या म्हणाल्या असत्या, छे गं, तुझा काहीतरी घोटाळा होतोय. आणि तीस माणसांनी त्यांचंच खरं मानलं असतं.

“चंद्री.”

आवाज मागून आला. सगळ्यांनी माना वळवल्या. अम्मा उभी होती.

“म्हशीचं नाव चंद्री हुतं. कपाळावर पांढरा ठिपका हुता, म्हनून चंद्री. व्हय की न्हाई, वैनी?”

काकूंचं हसू तोंडावरच राहिलं. मग तो चेहरा हळूहळू बदलला. आधी कान लाल झाले, मग मान. चंद्री त्यांना आठवली होती. चंद्रीमागोमाग घमेलं आलं असणार, आणि राख.

अम्मा रांगांमधून पुढे आली. टेबलावर फुलदाणी होती, ती बाजूला केली आणि मधोमध डबा ठेवला.

“लाडू नव्हतं त्ये,” ती माझ्याकडे बघून म्हणाली. “पोरगीनं कायतरी लिवलंय. वैनी, आताच तुमी म्हनलासा, चारचौघांत जाब इचारावा. म्या जाब न्हाई इचारत. खिरापत तेवढी वळखा. त्या दिशी ऱ्हायली हुती.”

“सकीनाबी, अहो... किती जुनी गोष्ट...”

“त्येच की. जुनीच हाय. हालवून बगा. रीत हाय.”

 काकूंनी हात पुढे केला, मागे घेतला, मग दोन्ही हातांनी डबा उचलून हलवला. फडकं नव्हतं या वेळी. आत काहीतरी मऊसर सरकलं.

“गोड?” काकूंनी विचारलं. आवाज खोल गेला होता.

“तिखट.”

“तिखट म्हणजे... खिमा वगैरे नसेल...”

“हादग्याला?” अम्मा म्हणाली. “वैनी, हत्ती पुजलेल्या फेरात म्या खिमा धाडीन?”

मागच्या एका बाईनं काकूंच्या मदतीला म्हणून हळूच सुचवलं, “तुमच्यात तो मलिदा असतो ना?”

“मलिदा गोड असतोय, बाई.”

“कबाब? म्हणजे डाळीचे?” “तिखट शेवया?” “नाचणीचं काही?” मग सगळेच सांगायला लागले. प्रत्येकाला वाटत होतं, ओळखलं की हे एकदाचं संपेल. अम्मा प्रत्येकाला न्हाई म्हणत होती. अजिबात न चिडता, भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं.

मला माहीत होतं काय आहे ते. वाटली डाळ. भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटून, हिंग-मोहरीच्या फोडणीत मोकळी होईतो परतून, वर ओलं खोबरं आणि लिंबू. कऱ्हाडातल्या अर्ध्या घरांत गणपती बोळवताना हीच खिरापत असते. आणि अम्माला ती शिकवली होती काकूंनीच, आमच्या दुकानात कुंकवाची पुडी बांधून व्हायची होती तेवढ्या वेळात, फळीला टेकून. आमच्या दुकानातलं कुंकू पेठकरांच्या देवांना वर्षानुवर्षं चाललं. अम्माला वाटलं, त्यांचीच डाळ, नवाच डबा, मग काय अडचण असणार? तिला त्या दिवशी पोरींनी ओळखायलाच हवी होती. पहिल्या फटक्यात ओळखतील म्हणून ती किती हसली होती सकाळी!

आणि आता तीस माणसं सगळं जग धुंडाळत होती, फक्त स्वतःच्या ताटात बघत नव्हती.

“हरले,” काकू शेवटी म्हणाल्या. त्यांचे डोळे पुन्हा भरले होते, या वेळी रुमाल सापडत नव्हता. “हरले, सकीनाबी. उघडा. मी खाते. सगळ्यांच्या समोर खाते.”

अम्मानं डबा उचलून पदराखाली घेतला.

“आज उशीर झालाय,” ती म्हणाली. “उद्या वळखू.”

मग माझ्याकडे वळून, “चल गं.”

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, “अम्मा, तुला कधीपासून माहीत होतं?”

“दुसऱ्याच दिशी. त्यांची कामवाली हौसा बांगड्या भरायला आली हुती, तिनं सांगितलं. आन तसंबी, पोरी खाऊन डबा घासून देत्यात व्हय कवा?”

“मग तू सगळ्यांना सांगत का सुटलीस, कुणाला ओळखली नाही म्हणून?”

“तू इतकं ग्वाड खोटं बोलली हुतीस,” अम्मा म्हणाली. “त्ये मोडायचं जिवावर आलं.”

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडले. ती रिक्षावाल्याला रस्ता सांगत राहिली. डाळ आम्ही दोघींनीच घरी खाल्ली. खाताना कळलं, माझा कागद तिनं आदल्या दिवशीच नलूकडून वाचून घेतला होता. लिंबू जरा जास्त झालं होतं.

त्या कादंबरीवर मंडळात पुन्हा कुणी बोललं नाही. काकूंनी अध्यक्षपद सोडलं, गुडघ्यांचं कारण सांगून. पण आमचं दुकान काही त्यांनी सोडलं नाही. यायच्या, कुंकू घ्यायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि हळूच विचारायच्या, “सकीनाबी, थालीपीठ होतं का?”

“न्हाई, वैनी.”

कधी कोथिंबिरीची वडी विचारायच्या, कधी दडपे पोहे. एव्हाना त्या स्वतःच्या घरातल्या पदार्थांपर्यंत येऊन पोचल्या होत्या, एवढं मी बघत होते. एकदा तर त्यांनी दुकानातच अम्माच्या हातचा चहा मागून घेतला आणि कपाच्या तळापर्यंत प्यायला. अम्मानं तो प्रेमानं दिला. खिरापतीचं मात्र न्हाई ते न्हाईच. मला वाटायचं, सांगून टाकावं आता. पण डबा माझा नव्हता.

पुढे काकू अंथरुणाला खिळल्या. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सून मृणाल आमच्याकडे आली. दारातच उभी राहिली, ओशाळून म्हणाली, “आजी, एक विचित्रच निरोप आहे. सासूबाईंना काल बरंच बरं वाटत होतं. मी वाटली डाळ केली होती, ती भरवत होते. दोन घास खाल्ले आणि एकदम रडायलाच लागल्या. तेव्हापासून एकच धोशा लावलाय, सकीनाबींना विचारून ये. म्हणाल्या, ‘डब्यात वाटली डाळ होती का? मीच शिकवली होती ना त्यांना?’ मला काही कळलं नाही. पण त्या वाट बघतायत.”

मी अम्माकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. एक खडा सापडला, तो तिनं बाजूला टाकला.

“न्हाई म्हनून सांग,” अम्मा म्हणाली.

“नव्हती?”

“नव्हती.”

मृणाल गेली. दोनच दिवसांत काकू गेल्याचं कळलं. अम्मानं मला पुढे घालून पेठकरांकडे नेलं, काकूंच्या पायांवर हात ठेवला, सुलूला जवळ घेऊन रडली. ते रडणं खरं होतं. घरी आल्यावर मला राहवलं नाही.

“अम्मा, बरोबर ओळखली होती त्यांनी. मरणाच्या दारात होत्या. हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?”

 अम्मा स्टूल ओढून त्यावर चढली, वरच्या फळीवरून डबा काढला आणि पदरानं पुसायला लागली.

“नवा डबा हुता माझा,” ती म्हणाली.